प्रदेश: उत्तर महाराष्ट्र

नेदरलँड्समधल्या लायडन विद्यापीठात पहिल्याच सेमिनारला आम्ही चौदा जण लांबट टेबलाभोवती बसलो होतो. बाईंनी प्रत्येकाला नाव, देश आणि "तुमचा प्रदेश कोणता" ते विचारलं. एकीने आफ्रिकेतला साहेल सांगितला, तिच्या शेजारच्याने युरोपातला बाल्कन. माझी पाळी आली तेव्हा मी बिनदिक्कत म्हणाले, "उत्तर महाराष्ट्र."

कुणी हसलं नाही. तिथे कुणी हसत नाही, हाच खरा त्रास. बाईंनी वहीत काहीतरी टिपलं, "म्हणजे दक्षिण आशिया" असं म्हणाल्या आणि पुढच्याकडे वळल्या. (त्यांना सगळे नावाने हाक मारायचे. मला ते वर्षभर जमलं नाही. मनातल्या मनात त्या "बाई" आणि तोंडाने नुसतंच "एक्स्क्यूज मी".)

चूक तशी भाषेची होती. आपल्याकडे प्रादेशिक राजकारण म्हणजे प्रादेशिक पक्ष, म्हणजे राज्य. पेपरात तसं येतं, बीएच्या पुस्तकातही तसंच होतं. आंतरराष्ट्रीय संबंधांत मात्र प्रदेश म्हणजे देशांचा घोळका: आग्नेय आशिया, आखात, युरोपीय संघ. लायडनला जाऊन वर्षभर शिकले ते एवढंच, की हे घोळके कोण पाडतं आणि कशासाठी.

मागच्या महिन्यात सिन्नरच्या एका मुलीने मेसेज करून विचारलं, "ताई, तुम्ही कशा गेलात, काय शिकलात, सगळं सांगा." सगळं काही जमणार नाही. जमेल तेवढं लिहिते.

मी निफाड तालुक्यातली. नाशिकच्या केटीएचएम कॉलेजला राज्यशास्त्रात बीए, पुण्याला एमए, नंतर दोन वर्षं शेतकरी उत्पादक कंपन्यांचे हिशोब तपासायची नोकरी. २०२३ च्या ऑगस्टमध्ये परत एमए करायला निघाले तेव्हा आत्याने आईला बाजूला घेऊन विचारलं, "पहिल्यात नापास झाली होती का?" त्याआधी कॉलेज रोडवरच्या एका कन्सल्टंटकडे गेले होते. भिंतीभर झेंडे, टेबलावर चॉकलेटं. "इंटरनॅशनल रिलेशन्स" ऐकून तो म्हणाला, "एचआरसारखंच ना? मग एमबीए करा, स्कोप आहे." तिथून उठले आणि अर्ज स्वतःच भरला.

बँकेचं तर विचारूच नका. आमचा सातबारा दाखवला तर साहेबांनी तो न वाचताच परत केला. शिक्षणकर्जाला शेतजमीन तारण चालणार नव्हती, एनए प्लॉट किंवा फ्लॅट हवा होता. शेवटी मामांचा इंदिरानगरचा फ्लॅट गहाण पडला. ज्या जमिनीवर घर चालतं तिची किंमत बँकेत शून्य, आणि मामांचे दोन बेडरूम मोलाचे. तिकडे फीचं आणखी वेगळं गणित. माझ्या शेजारी बसणाऱ्या जर्मन मुलीला वर्षाचे २,३१४ युरो, कारण ती युरोपीय संघातली. मला सुमारे आठपट. प्रदेश म्हणजे काय हे मला थिअरीच्या तासाआधी फीच्या पावतीने शिकवलं. आणि गंमत म्हणजे, इमिग्रेशनच्या खिडकीत जो पासपोर्ट सरकवला त्याची पुस्तिका छापलेली नाशिकरोडच्या सिक्युरिटी प्रेसमध्ये. आमच्या घरापासून तासाभरावर.

लायडन छोटं गाव आहे. कालवे, सायकली आणि १५७५ साली स्थापन झालेलं विद्यापीठ. १५७४ साली स्पॅनिश वेढा उठला त्या आठवणीत दर ३ ऑक्टोबरला अख्खं गाव रस्त्यावर येतं आणि हुत्सपॉट खातं: बटाटा, गाजर आणि कांदा एकत्र शिजवून ठेचलेला. मीठमसाल्याच्या बाबतीत वेढा अजून उठलेला नाही असं मला वाटलं. पण कांदा मात्र भरपूर. कांद्याच्या निर्यातीत हा इवलासा देश जगात आघाडीवर आहे, हे मला तिथे गेल्यावर कळलं. अण्णांना, म्हणजे वडिलांना, सांगितलं तर ते थोडा वेळ गप्पच झाले. त्यांचा फोन आला की पहिला प्रश्न ठरलेला: "तिकडं कांदा काय भाव?" मी सुपरमार्केटची पावती पाहून सांगायचे, किलोला एक युरो, सव्वा युरो. ते मनातल्या मनात नव्वदने गुणायचे आणि म्हणायचे, "बरं. अभ्यास कर."

अभ्यास भरपूर होता. आठवड्याला दीड-दोनशे पानं वाचून जायचं आणि दोन तास वाद घालायचा. आपल्याला सवय सर बोलतात ते लिहून घ्यायची. पहिला महिना मी तोंडच उघडलं नाही. वाचलेल्यातलं बरंचसं आता विसरले, पण एक गोष्ट डोक्यात पक्की बसली. सोव्हिएत रशियाने १९५७ मध्ये स्पुटनिक सोडल्यावर हादरलेल्या अमेरिकेने १९५८ साली कायदा करून परक्या भाषा आणि "प्रदेश" शिकवायला पैसे ओतले. पुढे १९६२ पासून, पीएल-४८० या अमेरिकी धान्य-मदतीच्या कायद्याखाली भारताला विकलेल्या धान्याचे जे रुपये इथे साठले होते, त्यांतून भारतीय भाषांमधली पुस्तकं विकत घेऊन अमेरिकेतल्या ग्रंथालयांना धाडली जायची. मराठीसुद्धा. आजीला हे फोनवर सांगितलं. तिला रेशनवरचा तो तांबडा गहू चांगला आठवत होता. "त्याची पोळी म्हणजे चामडं," ती म्हणाली. "आणि पुस्तकं कुठली घेतली त्यांनी?" ते काही मला सांगता आलं नाही.

आता डिसेंबर.

बाईंनी मला सार्कवर, म्हणजे दक्षिण आशियाई देशांच्या संघटनेवर, बोलायला सांगितलं होतं, मंगळवारी, १२ तारखेला. मी नेहमीसारखा सांगाडा तयार केला. ८ डिसेंबर १९८५ रोजी ढाक्यात सनद स्वीकारली. शेवटची शिखर परिषद २०१४ मध्ये काठमांडूला. २०१६ ची इस्लामाबादची परिषद उरीच्या हल्ल्यानंतर झालीच नाही. सदस्य देशांचा आपापसातला व्यापार त्यांच्या एकूण व्यापाराच्या जेमतेम पाच टक्के, आणि आग्नेय आशियाई देशांच्या आसियानचा पंचवीसच्या आसपास. स्लाइड छान दिसत होती.

शुक्रवारी सकाळी उठले तर अण्णांचा व्हॉइस मेसेज. मागे ट्रॅक्टरचे आवाज, कुणीतरी माइकवरून बोलतंय. "निर्यात बंद केली. लिलाव बंद पाडलाय. आपली ट्रॉली भरलेली उभी आहे गेटाबाहेर. तू काळजी करू नको." बस. मी दिल्लीची अधिसूचना शोधून काढली. ७ तारखेची, ८ तारखेपासून लागू, ३१ मार्चपर्यंत. माझ्या पहिल्या स्लाइडवरची तारीखही ८ डिसेंबरच होती. सार्कच्या वाढदिवशी सार्कमधल्या सगळ्यात मोठ्या देशाने शेजाऱ्यांचा कांदा तोडला होता, आणि वाढदिवस आहे हे बहुधा कुणाच्या ध्यानातही नव्हतं.

आमच्या मजल्यावर आठ जणांत एक स्वयंपाकघर होतं. त्यात एक बांगलादेशातल्या खुलन्याची मुलगी होती, माझ्याच वर्गातली. शनिवारी संध्याकाळी ती फोन कानाला लावूनच आत आली, ठेवला आणि मला म्हणाली, "तुमच्या लोकांनी काय केलंय हे?" तिच्या आईने सांगितलं होतं की कांदा एका रात्रीत किलोला २०० टाकांच्या वर गेला. मी तिला अण्णांचा मेसेज ऐकवला. मराठी तिला कळत नाही, पण ट्रॅक्टरचा आवाज कळतो. ओट्यावर मध्ये एक किलोची जाळीची पिशवी होती, पिवळ्या डच कांद्याची. आम्ही दोघी तिच्याकडे बघत उभ्या राहिलो. माझ्या बापाचा कांदा निम्म्यावर येणार होता आणि तिच्या आईचा दुपटीकडे चालला होता. तोच कांदा, एकाच रात्री. मधला फरक कुणाच्या खिशात गेला? कुणाच्याच नाही. बंदीत तो फरक हवेत विरतो.

मग तिने २०१९ ची आठवण काढली. तेव्हाही सप्टेंबरअखेर निर्यातबंदी आली होती, आणि आठवड्याभरात दिल्लीत आलेल्या बांगलादेशच्या तेव्हाच्या पंतप्रधान शेख हसीना भर सभेत म्हणाल्या होत्या की मी माझ्या स्वयंपाक्याला कांद्याशिवाय जेवण करायला सांगितलंय. ढाक्यात त्यावर महिनाभर विनोद चालले होते म्हणे. त्या वर्षी आमच्या घरी मात्र विनोद करायच्या मनःस्थितीत कुणी नव्हतं.

मंगळवारी मी आधीची स्लाइड ठेवली, पण तिच्यानंतर फक्त दोन आकडे दाखवले: गेटाबाहेरच्या ट्रॉलीचा आणि खुलन्याच्या दुकानातला. सार्क नावाचा प्रदेश कागदावर आहे, म्हटलं, आणि निफाडपासून पेट्रापोल-बेनापोलच्या सीमेवरून खुलन्यापर्यंत एक प्रदेश खरोखरचा आहे. तो कांदा गेला की दिसतो, आणि कांदा अडला की आणखी स्पष्ट दिसतो. साडेसात मिळाले, दहापैकी. तिथे दहा कुणालाच देत नाहीत, नऊ ऐकिवात नाही. साडेसात म्हणजे पेढे वाटायचे. बाई जाता जाता म्हणाल्या, "पहिल्या दिवशी तू सांगितलेला प्रदेश बरोबर होता वाटतं." त्यांनी ते खरंच लिहून ठेवलं होतं.

प्रबंध तिथेच ठरला. रॉबर्ट पटनम यांनी १९८८ मध्ये एक कल्पना मांडली की मुत्सद्दी एकाच वेळी दोन टेबलांवर खेळत असतो, एक परदेशाशी आणि एक घरातल्यांशी. मला लिहायचं होतं ते घरातल्या टेबलाबद्दल. तिथे दिल्लीचं गिऱ्हाईक बसलेलं असतं, लासलगावचा शेतकरी दाराबाहेर. मार्चमध्ये सरकारने बांगलादेशला ५०,००० टन कांदा सरकारी मार्गाने द्यायला परवानगी दिली. एप्रिलमध्ये गुजरातच्या पांढऱ्या कांद्याला २,००० टनांची वेगळी मुभा दिली, तेव्हा आमच्याकडे जो भडका उडाला तो मी लायब्ररीत बसून मोबाइलवर पाहिला. ४ मे रोजी बंदी उठली, तीही टनाला ५५० डॉलरची किमान निर्यात किंमत आणि ४० टक्के शुल्क लावूनच. नाशिक-दिंडोरीचं मतदान होतं २० मेला. तरीही ४ जूनला दोन्ही जागा सत्ताधाऱ्यांच्या हातून गेल्या. शेतकऱ्याला त्या टेबलाशी खुर्ची मिळते ती पाच वर्षांतून एकदा आणि उभ्या उभ्या. प्रबंधात हे वाक्य जरा सभ्य करून लिहिलं होतं.

मधल्या काळात १ फेब्रुवारीला आम्ही काही जण ब्रसेल्सला गेलो होतो. तिथे त्या दिवशी युरोपभरचे शेतकरी ट्रॅक्टर घेऊन आले होते. संसदेसमोरच्या चौकात टायर जळत होते, अंडी फुटत होती. ६ तारखेला युरोपीय आयोगाने कीटकनाशकं कमी करायचा आपला प्रस्ताव मागे घेणार असल्याचं जाहीर केलं. मला आठवला २०१८ चा नाशिक ते मुंबई पायी मोर्चा, लोकांच्या पायांना आलेले फोड. ट्रॅक्टर आणि फोड यांत फरक आहे, एवढंच तेव्हा वहीत लिहिलं. पुढे काही सुचलं नाही.

जुलैत प्रबंध दिला. ५ ऑगस्टला हसीनांनी देश सोडला आणि विमान उतरलं ते भारतात. ज्या दोन सरकारांमधल्या कांद्यावर मी पंधरा हजार शब्द खर्चले होते त्यांतलं एक उरलंच नाही. खुलन्याच्या मैत्रिणीचे हाल माझ्यापेक्षा वाईट, तिचा विषयच त्यांचं परराष्ट्र धोरण होता. रात्रभर तिचा फोन चालू होता. मी चहा करून देत होते, दुसरं काय करणार?

सिन्नरवालीसाठी थोडं कामाचं. पदवीनंतर तिथे नोकरी शोधायला वर्षभराची परवानगी मिळते, पण आमच्या विषयातली बरीच कामं डच भाषेवर अडतात. मी सात महिने अर्ज केले आणि परत आले. राहायला खोली मिळणं प्रवेश मिळण्यापेक्षा अवघड आहे, फोटो पाहून आगाऊ पैसे पाठवू नकोस. माझे दोनशे युरो असेच गेले. चेव्हनिंग, इरास्मस मुंडुस या शिष्यवृत्त्यांचे अर्ज वर्षभर आधी सुरू कर. आणि विद्यापीठाच्या याद्या बघण्याआधी तुझा प्रश्न कुठला ते ठरव. मी प्रश्न न घेता गेले होते, माझं नशीब की तो ट्रॉलीत भरून मागे आला.

सध्या पिंपळगावात एका निर्यातदाराकडे कागदपत्रं बघते. कर्जाचे हप्ते चालू आहेत.

परत आल्यावर अण्णांनी प्रबंध वाचून दाखवायला सांगितला. इंग्रजीतून मराठी करत करत मी तिसरं प्रकरण वाचत होते. आठ मार्क मिळाले होते, दोन परीक्षकांनी वाचून. "बंदीनंतर शेतकऱ्यांनी भाव वाढेल या आशेने माल कांदाचाळीत रोखून धरला," इथवर आले आणि अण्णांनी हात वर केला.

"कधीची गोष्ट ही?"

"डिसेंबर."

"डिसेंबरात शेतातून येतो कोणता कांदा?"

मी गप्प. लाल. लाल कांदा टिकत नाही, चाळीत घालायचा तो उन्हाळी. कुठल्याशा अहवालातलं वाक्य मी तसंच उचललं होतं, कांदाचाळीच्या सावलीत वाढलेल्या मुलीने.

"रोखून कोण धरणार तो? नासून जातो," अण्णा म्हणाले. "आठ कोणी दिले तुला?"