चौसष्ट अक्षरं जुळेपर्यंत

पुण्यातल्या एका छोट्या सॉफ्टवेअर कंपनीत मी गेली नऊ वर्षं काम करतेय. आम्ही सगळे मिळून अकरा जण. यंत्रांच्या देखभालीच्या नोंदी ठेवणारं सॉफ्टवेअर आम्ही बनवतो: कोणतं मशिन कधी उघडलं, कोणता सुटा भाग बदलला, कोणी तपासून सही केली. चाकण-भोसरीच्या कारखान्यांना ते पुरवताना आमची पद्धत बसून गेली होती. संध्याकाळी बदल केला, रात्री टेस्टिंग, सकाळी क्लाउडवर. काही बिघडलंच तर दहा मिनिटांत मागचं व्हर्जन परत.

२०२३ च्या अखेरीस संरक्षण खात्याच्या एका आस्थापनेकडून याच सॉफ्टवेअरसाठी विचारणा झाली. ती जागा कोणती, तिथे कशाची देखभाल चालते, हे मी लिहिणार नाही. पण तिथवर पोचायला आम्हाला जवळजवळ दीड वर्ष लागलं, आणि त्यातलं बहुतेक सगळं सुरक्षेच्या कामात गेलं. २०१८ मध्ये आयडेक्स ही संरक्षण क्षेत्रात छोट्या कंपन्यांना संधी देणारी सरकारी योजना सुरू झाल्यापासून आमच्यासारख्या बऱ्याच छोट्या कंपन्या या वाटेला लागल्यात. त्यांच्यासाठी हे लिहून ठेवतेय.

पहिल्या भेटीला गेटवरच मोबाइल, घड्याळ, पेनड्राइव्ह सगळं जमा झालं आणि हातात पितळी टोकन आलं. लॅपटॉप आत नेता येणार नव्हता. डेमोचे स्क्रीनशॉट कागदावर छापून नेले होते, त्यावरच बोलणं झालं. समोरच्या अधिकाऱ्यांनी सगळं शांतपणे ऐकून घेतलं आणि एकच प्रश्न विचारला, "मॅडम, यातलं सगळं तुम्ही लिहिलंय का?"

मी म्हटलं, "नाही सर, बऱ्याच ओपन सोर्स लायब्ररी आहेत, म्हणजे दुसऱ्यांनी लिहून सगळ्यांसाठी खुले ठेवलेले तयार कोड."

"किती? आणि त्या कोणी लिहिल्यात?"

मी अंदाजाने चाळीस म्हणाले. कोणी लिहिल्यात, याचं उत्तर माझ्याकडे नव्हतं. त्यांनी वहीत काहीतरी टिपून घेतलं. पुढच्या पत्रात पहिली मागणी होती ती एसबॉमची.

भोसरीच्या कुठल्याही शॉपफ्लोअरवर बीओएम म्हणजे काय हे समजावून सांगावं लागत नाही. पंप बनवायचा तर कास्टिंग कुठलं, बेअरिंग कोणाचं, नटबोल्ट किती, याची यादी असतेच. एसबॉम म्हणजे सॉफ्टवेअरची तीच यादी. ऑक्टोबर २०२४ मध्ये सर्ट-इनने, म्हणजे सायबर सुरक्षा पाहणाऱ्या केंद्र सरकारच्या संस्थेने, त्यासाठी तांत्रिक मार्गदर्शक सूचनाही काढल्या. आम्ही मात्र त्याच्या काही महिने आधीच या कामाला लागलो होतो. प्रोजेक्टच्या फाइलमधून यादी काढणारं एक टूल चालवलं. चाळीस नव्हे, २८७ नावं आली. आम्ही घेतलेली लायब्ररी आणखी पाच लायब्ररी आणते, त्या पाच आणखी वीस आणतात. यादी पाहून आमचे सर बराच वेळ काही बोललेच नाहीत.

ही यादीही अपुरी आहे, हे लक्षात आलं आमच्या टेस्टर मुलामुळे. इचलकरंजीचा आहे तो, कामाला लागून जेमतेम दोन वर्षं झालेली. तो म्हणाला, "ताई, आपण यादी काढली ती आपण काय मागवलं याची. डब्यात प्रत्यक्ष काय भरलंय ते कुठे बघितलं?" मग त्याने दुसरं टूल घेतलं. हे टूल ग्राहकाला द्यायची तयार फाइल उघडून पाहतं, फाइलच्या आतली फाइल, तिच्याही आतली फाइल. यादी ३१२ वर गेली. वाढलेल्या पंचवीस नावांमध्ये एक होतं लॉगफोरजे, व्हर्जन २.१४.१.

या क्षेत्रातल्या माणसांना डिसेंबर २०२१ आठवत असेल. लॉगफोरजे ही जावा प्रोग्रॅमच्या नोंदी लिहिणारी लायब्ररी. तिला ठरावीक पद्धतीने लिहिलेला मजकूर दिला की ती तो नुसता नोंदवत नसे, त्यात दिलेल्या पत्त्यावर जाऊन तिथला कोड आणून चालवू शकत असे. म्हणजे नाव भरायच्या चौकटीत चार शब्द टाकून कोणी आख्खा सर्व्हर ताब्यात घ्यावा. तेव्हा आम्ही दोन रात्री बसून आमच्या कोडमधलं लॉगफोरजे बदललं होतं आणि सगळ्या ग्राहकांना कळवलं होतं की काळजी नसावी.

हे उरलेलं लॉगफोरजे होतं बारकोडची लेबलं छापणाऱ्या एका जार फाइलमध्ये. जार म्हणजे जावा प्रोग्रॅमच्या अनेक फाइल एकत्र बांधलेलं गाठोडं. प्रिंटर विकणाऱ्याने ती कधीतरी दिली होती, कोणीतरी ती लिब फोल्डरमध्ये ठेवून दिली होती. प्रोजेक्टच्या यादीत तिचं नाव नाही, आणि तिच्या पोटात काय आहे ते कोणी पाहिलेलं नाही. आम्ही ऑफिसात एक वेगळं मशिन लावलं, इंटरनेट काढलं, आणि सुट्या भागाच्या नावाच्या रकान्यात तसा मजकूर टाकून लेबल छापायला दिलं. शेजारच्या मशिनवर ऐकत बसलेल्या प्रोग्रॅममध्ये लगेच एक ओळ उमटली. आमचं सॉफ्टवेअर त्या मजकुरातल्या पत्त्यावर, म्हणजे या शेजारच्या मशिनवर, गेलं होतं.

त्या एका ओळीकडे पाहताना पोटात कसं झालं ते अजून आठवतं. अडीच वर्षं ही फाइल आमच्या प्रत्येक ग्राहकाकडे होती, आम्हीच पाठवलेली. त्याच दिवशी सगळ्यांना फोन केले, चार दिवसांत बदल पोचवला. कोणी शिरलं होतं का, हे पाहायला लॉग, म्हणजे सर्व्हरवर काय काय घडलं त्याच्या नोंदी, उघडले. सर्ट-इनच्या एप्रिल २०२२ च्या आदेशाप्रमाणे आम्ही १८० दिवसांचे लॉग ठेवतो, त्यांत काही सापडलं नाही. त्याआधीचे लॉग आमच्याकडे नव्हतेच. ज्या कारखान्यांनी आम्हाला ते विचारलं, त्यांना मी तसंच सांगितलं.

यानंतर टीमला काही पटवून द्यावं लागलं नाही. तरीही मी सगळ्यांना बसवून एक्सझेडची हकिगत सांगितली. फाइल दाबून लहान करणारी ही लायब्ररी लिनक्स या ऑपरेटिंग सिस्टिमवर जवळजवळ सगळीकडे असते. तिच्या ५.६.० आणि ५.६.१ या व्हर्जनांत चोरदरवाजा घातला गेला होता, आणि तो घालणाऱ्याने टोपणनावाने दोन वर्षांहून जास्त काळ नेटकं काम करून मूळ सांभाळणाऱ्याचा विश्वास मिळवला होता. मार्च २०२४ मध्ये अँड्रेस फ्रॉइंड या इंजिनिअरला ते सापडलं, कारण लॉगिनला साधारण अर्धा सेकंद जास्त लागत होता आणि तो का, हे शोधल्याशिवाय त्याला चैन पडेना. "कोणी लिहिलंय?" हा त्या अधिकाऱ्यांचा प्रश्न मला तेव्हा खऱ्या अर्थाने कळला.

मग घर आवरायला घेतलं. प्रत्येक लायब्ररीचं व्हर्जन पक्कं केलं, सगळ्या आमच्या स्वतःच्या सर्व्हरवर उतरवून घेतल्या, बिल्ड होताना, म्हणजे कोडपासून तयार फाइल बनताना, इंटरनेट बंद. दुसऱ्याने वाचल्याशिवाय कोणाचाही बदल कोडच्या मुख्य प्रतीत जाणार नाही, सरांचाही नाही. गिट या कोडमधला प्रत्येक बदल जपून ठेवणाऱ्या टूलमधला जुना इतिहास तपासला तर २०१९ चा डेटाबेसचा पासवर्ड निघाला. फाइलमधून कधीच पुसलेला, पण इतिहासात जसाच्या तसा, आणि एका ग्राहकाकडे अजून तोच चालू. तो त्याच दुपारी बदलला.

ऑडिट सर्ट-इनच्या यादीतल्या एका संस्थेकडून करून घ्यायचं होतं. मला वाटलं होतं की तिथे मोठमोठी टूल चालतील. ती चाललीच. पण सगळ्यात गंभीर दोष ऑडिटर मॅडमनी हाताने काढला. त्यांनी एका साध्या फिटरच्या खात्याने लॉगिन केलं, त्याचं जॉब कार्ड उघडलं, आणि वरच्या पत्त्यातला १०४२ खोडून १०४३ टाकला. दुसऱ्या विभागाचं कार्ड समोर. यादीत ते त्याला दिसत नव्हतं म्हणून ते बंद आहे असं आम्ही धरून चाललो होतो. सर्व्हर मात्र "हे कार्ड पाहायचा याला हक्क आहे का" असं विचारतच नव्हता. कारखान्यात यामुळे फार तर कुरबुर झाली असती. त्या आस्थापनेत कुठलं वाहन किती दिवस नादुरुस्त आहे, हीच माहिती जपायची असते. एकूण २३ शेरे आले, त्यांतले चार गंभीर. दुरुस्ती आणि फेरतपासणीत तीन महिने गेले. वेळापत्रकात आम्ही तीन आठवडे धरले होते, तेव्हा नव्याने या कामात पडणाऱ्यांनी इथे वेळेचा हात सैल ठेवावा.

घड्याळाचा शेरा मला महत्त्वाचा वाटतो. अॅप्लिकेशनचा सर्व्हर आणि डेटाबेसचा सर्व्हर यांच्या वेळेत अकरा मिनिटांचा फरक होता. घटना घडली तर आधी काय झालं आणि नंतर काय, हेच लागणार नाही. इंटरनेटवर असताना घड्याळं आपोआप जुळतात, बंद नेटवर्कमध्ये ती जुळवायला आतच वेळेचा सर्व्हर लागतो. तो आमच्या आराखड्यात नव्हता. घातला.

शेवटी सोपवण्याचा दिवस आला. तिथली पद्धत अशी: एकदाच लिहिता येणाऱ्या दोन डीव्हीडी न्यायच्या, त्या आधी वेगळ्या मशिनवर तपासल्या जातात. आमचा सोर्स कोड त्यांच्या मशिनवर, त्यांच्यासमोर बिल्ड करायचा. तयार झालेल्या फाइलचा शा-२५६ हॅश, म्हणजे फाइलच्या मजकुरावरून गणिताने निघणारा तिचा ठसा, आम्ही पुण्यात काढून, सही करून आणलेल्या कागदावरच्या हॅशशी जुळला पाहिजे. चौसष्ट अक्षरं. फाइलमध्ये एक बिंदू इकडचा तिकडे झाला तरी जवळजवळ सगळी अक्षरं बदलतात.

आमचं पहिलंच अक्षर जुळलं नाही.

कोड तोच, लायब्ररी त्याच. तरी पूर्ण दिवस फुकट गेला आणि आम्ही हात हलवत परत आलो. पुण्यात आल्यावर दोन्ही फाइल उलगडून शेजारी शेजारी ठेवल्या. जार बांधताना आतल्या प्रत्येक फाइलवर त्या क्षणाची वेळ बसते, म्हणून दर बिल्ड वेगळा. मेव्हन या आमच्या बिल्ड करणाऱ्या टूलमध्ये ती वेळ एका ओळीत पक्की करता येते, ती केली. तरीही एक फाइल वेगळी येत राहिली. ती होती आमच्या 'माहिती' स्क्रीनची. बिल्ड कोणी केला आणि किती वाजता, ते तिथे दिसावं अशी सोय मीच सहा वर्षांपूर्वी केली होती. ती काढली. मग तीन वेगवेगळ्या लॅपटॉपवर, तीन वेगवेगळ्या दिवशी बिल्ड केला. तिन्ही वेळा हॅश तोच.

दुसऱ्या खेपेला टेस्टर मुलगा सोबत होता. खोलीत एक जुना पंखा, दोन मशिनं आणि पानांवर क्रमांक छापलेलं रजिस्टर. तिथले एक सुभेदार स्क्रीनवरची अक्षरं चार-चारच्या गटाने मोठ्याने वाचत होते आणि आमचा मुलगा कागदावर पेन्सिलीने टिकमार्क करत होता. सोळावा गट वाचून झाला तसा त्याने कागद उलटा करून त्यांच्यापुढे सरकवला. त्यांनी पुन्हा स्वतः सगळी चौसष्ट अक्षरं ताडून पाहिली आणि मगच सही केली.

त्यानंतर ते पहिल्या भेटीतले अधिकारी आले. मी एसबॉमची छापील प्रत पुढे ठेवली. गाळणी लावून, न लागणारं काढून टाकून आता २९६ नावं राहिली होती. त्यांनी मधलंच एक पान उघडलं आणि एका ओळीवर बोट ठेवलं. "हे कशाला लागतं?"

टेस्टर मुलाने माझ्याकडे न बघता उत्तर दिलं. ते कशाला लागतं, ते कोण सांभाळतं, शेवटचा दोष त्यात कधी सापडला होता, आणि ते काढून टाकलं तर काय बंद पडेल.

त्यांनी पान उलटलं आणि दुसऱ्या ओळीवर बोट ठेवलं.