चार बोटं मोकळी

आई-बाबांचा लग्नानंतर स्टुडिओत काढलेला फोटो आमच्या हॉलमध्ये इतकी वर्षं लटकतोय की त्याच्याकडे आता कुणी बघत नाही. परवा दुपारी पंखा पुसायला स्टुलावर चढले, तेव्हा तो नाकासमोर आला. फोटोभोवतीच्या माउंटची, म्हणजे फोटोपुरती खिडकी कापलेल्या पुठ्ठ्याच्या चौकटीची, आतली तिरपी कड पांढरी असायला हवी. ती चहात बुडवून काढल्यासारखी तपकिरी झालेली. पुठ्ठ्यातलं आम्ल, दुसरं काय! लाकडाच्या लगद्याचा स्वस्त बोर्ड आतल्या आत करपत जातो आणि जाता जाता फोटोलाही डाग देऊन जातो.

झालं. पंखा राहिला, फ्रेम खाली उतरली.

जुन्या फ्रेमची पाठ उघडणं ही एक वेगळीच मजा असते. खाकी कागदाची पट्टी फाडली, गंजलेल्या चुका पक्कडीने उपसल्या, तर फ्रेमवाल्याने आत चक्क साडीच्या खोक्याचं झाकण दडपलेलं. फटीत वाळलेल्या कसरी. फोटो मात्र शाबूत, कारण माउंट होता. माउंट काही नुसता शोभेचा नसतो, तो फोटोला काचेपासून दूर ठेवतो. आमच्या चिपळूणच्या घरी आजोबांचा फोटो थेट काचेला टेकवून बसवला होता. कोकणातला पावसाळा, फोटोच्या कागदावरचं जिलेटिन ओल धरतं, चिकट होतं आणि काचेला बिलगतं. आता आजोबा आणि काच यांना वेगळं करायची सोय नाही. तसेच काचेसकट जपून ठेवलेत.

नवा माउंट बाहेर करून मिळतो. मला हे ठाऊक आहे, घरातल्या प्रत्येकाने मला ते ऐकवलेलं आहे. पण दुपारी घर झोपलेलं असावं, जमिनीवर कटिंग मॅट पसरावी आणि स्टीलची पट्टी गुडघ्याने दाबून धरून पाते ओढावं, यात जे सुख आहे ते बाहेर कुणाला पैसे देऊन कसं मिळणार? खिडकी आखायची ती बोर्डच्या मागच्या बाजूला आणि कापायचीही मागूनच, म्हणजे पेन्सिलच्या रेघा पुढे दिसत नाहीत. फोटोपेक्षा ती चारही बाजूंनी तीन-चार मिलिमीटर लहान ठेवायची, नाहीतर फोटो भोकातून आरपार. पाते ४५ अंशात कललेलं. खरी कसोटी कोपऱ्यावर. पाते तिरकं असल्यामुळे रेघेवर थांबून चालत नाही, बोर्डच्या जाडीइतकं, म्हणजे जेमतेम दीड मिलिमीटर, पुढे जावं लागतं. कमी गेलात तर मधला तुकडा कोपऱ्यात अडकून बसतो, आणि ओढून काढला की तिथे कापसासारखे तंतू निघतात. जास्त गेलात तर पुढच्या बाजूला बारीक चीर. चीर नखाच्या पाठीने घासून बरीचशी मिटते. अडकलेला तुकडा मात्र ओढायचा नाही. अर्धं ब्लेड त्याच तिरपेपणाने कोपऱ्यात घालून हळूच सोडवायचा. सगळं जमलं की तो आपोआप खाली पडतो. ‘टप्’ असा आवाज होतो. त्या आवाजासाठीच हा सगळा खटाटोप.

आमच्या घरातला कायमचा वाद खालच्या समासाचा आहे. तिन्ही बाजूंना सहा सेंटिमीटर असतील तर मी खाली सात ठेवते. चारही बाजू सारख्या ठेवल्या की फोटो खाली घसरल्यासारखा वाटतो, हे ज्याला डोळे आहेत त्याला दिसतं. नवऱ्याला दिसत नाही. तो दर वेळी फ्रेमसमोर मान वाकडी करून म्हणतो, “खाली जरा जास्त झालंय का गं?”

मुळात भिंतीवर रिकामी जागा सोडायची सवयच नाही आपल्याला. राजा रविवर्म्यांचा छापखाना मुंबईत १८९४ साली निघाला, पुढे मळवलीला गेला, आणि लक्ष्मी-सरस्वती घराघरांत पोचल्या. त्या भिंतीवर आल्या त्या फ्रेमच्या काठापर्यंत भरगच्च, काचेवर कुंकवाचं बोट लावून घेत. देवाला समास कशाला? पण तीच सवय माणसांच्या फोटोंना लागली. फ्रेमच्या कोपऱ्यात खोचलेले पासपोर्ट फोटो आठवा. कुणाच्या दहावीचे, कुणाला स्थळं दाखवायला काढलेले.

माझ्या ड्रॉवरमध्ये खिडक्यांतून निघालेले मधले तुकडे साठलेत. चांगला आम्लविरहित बोर्ड महाग असतो, टाकवत नाही. मोठ्या तुकड्यातून पोस्टकार्डाच्या फोटोचा माउंट निघतो, त्याच्या मधल्यातून पासपोर्टचा, आणि त्याच्याही मधला तुकडा मी ठेवलाय. पोस्टाच्या तिकिटाला होईल.

लहान फोटोवरून आठवला आजीचा फोटो. बाबांच्या आईचा फोटो एकच आहे, तोही एका लग्नातल्या ग्रुपमधून कापलेला, आगपेटीएवढा. अशा फोटोचं काय करायचं ते ठरलेलं असतं. स्टुडिओत द्यायचा, मोठा करायचा, मागे निळं आभाळ रंगवून घ्यायचं, म्हणजे आजी ओळखू येईनाशी होते. मी तो होता तेवढाच ठेवला आणि भोवती चार-चार बोटं मोकळा बोर्ड. लहान फोटो मोकळ्या जागेत असला की माणूस आपसूक जवळ जाऊन बघतो. आईचं मत वेगळं: “एवढीशी सासू आणि एवढा पुठ्ठा?”

पण तीही जवळ गेलीच. चष्मा चढवून तिने आजीच्या खांद्याकडे बोट दाखवलं. तिथे कुणाचा तरी हात आहे, मनगटापर्यंत, पाटली घातलेला. कापणाऱ्याला तो वगळता आला नव्हता.

“हा मोठ्या काकूंचा हात. पाटली बघ ना. अगं, दोघींचा उभा दावा होता! एकीने दुसरीच्या हातचं पाणी घेतलं नाही शेवटपर्यंत.”

खिडकी त्या बाजूने आणखी जराशी आत घेतली असती तर हात झाकला गेला असता. आई म्हणालीही तसं. मी पट्टी होती तिथेच दाबली आणि पाते ओढलं. दोघी आता हॉलमध्ये आहेत, टीव्हीच्या वर. रात्री भांडणं ऐकू आली तर मला उठवायचं नाही, असं आईने बजावून ठेवलंय.