आमची वाटचाल : आधी तारीख, मग स्कोअर

आमच्या फर्मचं मूळ काम कर्जाच्या फायली तयार करून देण्याचं. उत्पन्नाचे कागद, आयकर विवरणपत्रं, बँकेचे उतारे लावायचे, अर्ज भरायचा आणि फाइल शाखेत द्यायची. आज आमचा बहुतेक वेळ त्याच्या आधीच्या टप्प्यावर जातो. अर्जदाराच्या क्रेडिट रिपोर्टात, म्हणजे त्याच्या कर्जांच्या आणि परतफेडीच्या नोंदींत, साचलेली शिळी माहिती शोधायची आणि जिने ती पाठवली त्या संस्थेकडूनच दुरुस्त करून घ्यायची.

काम असं सरकलं याचं कारण कर्ज मंजुरीच्या पद्धतीत आहे. पूर्वी रिपोर्ट हा फायलीतला एक कागद असायचा. शाखेतले साहेब त्यावरून नजर फिरवायचे, खटकलं तर विचारायचे, आणि कर्ज फेडल्याचा दाखला दाखवला की विषय मिटायचा. आता बऱ्याच ठिकाणी अर्ज भरला की यंत्रणाच रिपोर्ट ओढते, ठरलेल्या नियमांनी तपासते आणि माणसाच्या हाती फाइल जाण्याआधीच नकार देऊन मोकळी होते. तुमच्या कपाटातली एनओसी, म्हणजे कर्ज फेडल्याचा तोच दाखला, त्या यंत्रणेला दिसत नाही. रिपोर्टाच्या रकान्यात जे आहे तेवढंच तिच्यासाठी खरं.

नियमही मधल्या काळात बदलत गेले. कर्जदारांचे असे रिपोर्ट तयार करणारी पतमाहिती कंपनी सिबिल 2000 साली स्थापन झाली, 2005 मध्ये अशा कंपन्यांचा कायदा आला. पुढे एक्सपीरियन, इक्विफॅक्स आणि क्रिफ हाय मार्क आल्या. 2015 मध्ये रिझर्व्ह बँकेने प्रत्येक कर्जसंस्थेला चारही कंपन्यांचं सभासदत्व बंधनकारक केलं. म्हणून लोक सरसकट ‘सिबिल’ म्हणत असले, तरी एका माणसाच्या नावाने चार रिपोर्ट असतात, आणि ते एकसारखे असतीलच असं नाही. 2017 पासून प्रत्येक कंपनीकडून वर्षातून एकदा संपूर्ण रिपोर्ट फुकट मिळू लागला. आमच्या कामाला खरी चालना त्याने दिली. चारही रिपोर्ट शेजारी शेजारी ठेवून वाचणं तेव्हापासून सामान्य अर्जदाराला परवडू लागलं.

रिपोर्ट हातात आला की लोक आधी स्कोअर, म्हणजे या नोंदींवरून काढलेला पतीचा आकडा, बघतात. आम्ही तो शेवटी बघतो. पहिल्यांदा प्रत्येक खात्यासमोरची ‘माहिती कळवल्याची तारीख’ वाचतो. खातं चालू दाखवलंय आणि ती तारीख वर्षभरापूर्वीची आहे, म्हणजे ते खातं तिथेच थिजलंय. त्या दिवशी जी बाकी होती, जी थकबाकी होती, तीच आजही नवीन बँकेला दिसते. महिन्यांच्या रकान्यात 000 म्हणजे वेळेवर भरणा, 030 म्हणजे हप्ता तीस दिवस उशिरा, आणि एक्सएक्सएक्स म्हणजे त्या महिन्याची माहितीच आली नाही. साधारण 36 महिन्यांची ही पट्टी असते. शेवटचा आकडा 030 आणि त्यापुढे सगळं एक्सएक्सएक्स, अशी पट्टी दिसली की कर्ज बहुधा फिटलेलं असतं, पण ते कुणी कळवलेलं नसतं.

हे होतं कसं, ते समजून घेतलं तर दुरुस्ती सोपी जाते. कर्जसंस्था ठरावीक मुदतीने आपल्या प्रणालीतून सगळ्या खात्यांची एक फाइल काढून पतमाहिती कंपन्यांना पाठवते. फाइल काढताना फक्त चालू खाती उचलली, तर त्या महिन्यात बंद झालेलं खातं तिच्यात येतच नाही. खातं बंद झाल्यावर शेवटची एक नोंद जावी लागते: बाकी शून्य, थकबाकी शून्य, बंद केल्याची तारीख अमुक. ती नोंद गेली नाही तर समोरच्या कंपनीकडे खातं जुन्या अवस्थेत पडून राहतं. दुसरा प्रकार असा की फाइल जाते, पण पॅन किंवा जन्मतारीख चुकीची असल्याने तेवढी नोंद फेटाळली जाते आणि संस्थेत ती कुणी दुरुस्त करून परत पाठवत नाही. तिसरा प्रकार कर्जदाराच्या बाजूचा. शेवटचा हप्ता भरला, पण दंडव्याजाचे किंवा कार्डाच्या वार्षिक शुल्काचे थोडे पैसे राहिले. कर्जदाराच्या लेखी खातं संपलं, संस्थेच्या लेखी ते चालू आणि थकलेलं. शेवटचा हप्ता म्हणजे खातं बंद नव्हे, हे आम्ही प्रत्येक अर्जदाराला सांगतो. बंद झाल्याचं लेखी पत्र आणि शून्य बाकीचा उतारा, दोन्ही हवेत.

बँकांच्या विलीनीकरणानंतर खातेक्रमांक बदलतात. मग जुन्या क्रमांकाचं खातं उघडं राहतं आणि नव्या क्रमांकाचं वेगळं दिसतं. थकलेलं कर्ज मालमत्ता पुनर्रचना कंपनीला विकलं तरी तेच. एकच कर्ज दोनदा, दोन्हीकडे बाकी. अशा वेळी दोघांनाही पत्र द्यावं लागतं, एकालाच दिलं तर टोलवाटोलवी होते.

आता नव्या अर्जावरचा परिणाम. स्कोअर घसरतो हे सगळ्यांना ठाऊक असतं. पात्र रक्कम कापली जाते, हे फारसं कुणाच्या लक्षात येत नाही. समजा महिन्याचं निव्वळ उत्पन्न 60,000 रुपये आहे आणि बँक त्यातली निम्मी रक्कम हप्त्यांसाठी धरते, म्हणजे 30,000. एक खरा चालू हप्ता 6,000 चा. नव्या कर्जासाठी 24,000 उरतात. 9 टक्के व्याज आणि 20 वर्षं मुदत धरली तर लाखाला साधारण 900 रुपये हप्ता पडतो, म्हणजे जवळपास 26 लाख 60 हजारांचं कर्ज बसतं. आता रिपोर्टात एक फिटलेलं वैयक्तिक कर्ज चालू दिसतंय, हप्ता 9,500. उरले 14,500, आणि पात्रता सुमारे 16 लाखांवर आली. स्कोअर उत्तम असतानाही साडेदहा लाखांचा फरक, आणि अर्जदाराला सांगितलं जातं की तुमचं उत्पन्न कमी पडतंय. मग तो उत्पन्नाचे कागद जुळवत बसतो, जिथे काहीच बिघडलेलं नसतं. रिपोर्टात हप्त्याचा रकाना रिकामा असला, तरी मंजूर रक्कम आणि मुदत यांवरून काही संस्था स्वतःच अंदाजे हप्ता धरतात. उत्पन्नातला किती वाटा हप्त्यांत जातो त्या प्रमाणाला ‘फॉइर’ म्हणतात, आणि कर्जमंजुरीत काम करणारे अशा वेळी ‘फॉइर बसत नाही’ म्हणतात. हे शब्द कानावर आले की आम्ही आधी रिपोर्ट उघडतो.

क्रेडिट कार्डाचं गणितही असंच. मर्यादा एक लाखाची दोन लाख झाली, पण रिपोर्टात अजून एक लाखच आहे. 70,000 ची बाकी खरं तर 35 टक्के वापर आहे, पण दिसते 70 टक्के. जुना पत्ता, जुना मोबाइल क्रमांक यांनी स्कोअरला धक्का लागत नाही, मात्र पडताळणी अडकते. जामीनदार म्हणून केलेली जुनी सही मात्र गांभीर्याने घ्या. मूळ कर्जदाराने कर्ज फेडून टाकलं तरी जामीनदाराच्या नावावरची नोंद वेगळी बंद झाली का, हे तपासायचं राहून जातं. भागीदारी फर्म किंवा छोट्या कंपनीचा अर्ज असेल तर संस्थेच्या व्यावसायिक रिपोर्टासोबत प्रत्येक भागीदाराचा वैयक्तिक रिपोर्टही पाहिला जातो, आणि एकाचं थिजलेलं खातं सगळ्यांची फाइल थांबवतं.

दुरुस्तीचं काम आम्ही दोन वाटांनी एकाच वेळी सुरू करतो. पतमाहिती कंपनीच्या संकेतस्थळावर रिपोर्टाचा कंट्रोल नंबर (रिपोर्टावरचा ओळख क्रमांक) घेऊन हरकत नोंदवायची, आणि त्याच दिवशी कर्जसंस्थेला लेखी पत्र द्यायचं. पत्रात खातेक्रमांक, चुकलेला रकाना, आज काय दिसतंय आणि काय दिसायला हवं, हे चार मुद्दे एकेका ओळीत. सोबत एनओसी, शून्य बाकीचा कर्जखात्याचा उतारा, आणि शेवटचा भरणा दिसणारं पासबुकाचं पान. ‘माझं सिबिल दुरुस्त करा’ एवढंच लिहिलेलं पत्र एका टेबलावरून दुसऱ्या टेबलावर फिरत राहतं. पोच घ्या, आणि शाखेबरोबर संस्थेच्या नोडल अधिकाऱ्यालाही (तक्रारींसाठी नेमलेल्या अधिकाऱ्याला) ईमेल करा, कारण माहितीची फाइल शाखेत तयार होत नाही.

पतमाहिती कंपनी स्वतःहून आकडा बदलत नाही, कर्जसंस्थेने दुजोरा दिला तरच बदलते. म्हणून एकाच कंपनीकडे हरकत नोंदवून थांबलं तर तो एक रिपोर्ट सुधारतो आणि बाकीचे तीन तसेच राहू शकतात. नवीन बँक कुठल्या कंपनीचा रिपोर्ट ओढेल ते आपल्या हातात नसतं. चारही ठिकाणी दुरुस्त माहिती पाठवा, हे वाक्य आमच्या पत्रात ठळक असतं.

मुदतीच्या बाबतीत आता कर्जदाराची बाजू भक्कम आहे. रिझर्व्ह बँकेने ऑक्टोबर 2023 मध्ये काढलेली चौकट 26 एप्रिल 2024 पासून लागू झाली. तक्रार केल्यापासून 30 दिवसांत निकाल लागला नाही तर पुढच्या प्रत्येक दिवसाला 100 रुपये भरपाई. कर्जसंस्थेने 21 दिवसांत दुरुस्त माहिती पाठवली नसेल तर भरपाई तिने द्यायची, आणि तिने वेळेत पाठवूनही 30 दिवसांत काम झालं नसेल तर पतमाहिती कंपनीने. तक्रार अर्धवट कागदांनिशी केली तर वेळ पत्रव्यवहारातच जातो, म्हणून पहिल्याच दिवशी सगळं जोडतो. तिथूनही दाद मिळाली नाही तर रिझर्व्ह बँकेच्या लोकपालाकडे जाता येतं. 1 सप्टेंबर 2022 पासून पतमाहिती कंपन्याही त्या योजनेत आहेत. 1 जानेवारी 2025 पासून माहिती महिन्याऐवजी दर पंधरवड्याला पाठवायचा नियम आला, त्यामुळे दुरुस्ती रिपोर्टात उतरायला पूर्वीइतकं थांबावं लागत नाही.

हे सगळं अर्जाच्या आधी व्हावं, असा आमचा आग्रह असतो. एका बँकेने नाकारलं की माणूस त्याच आठवड्यात आणखी तीन ठिकाणी अर्ज करतो. रिपोर्टातल्या चौकशीच्या यादीत चार नोंदी पडतात आणि मूळ चूक जागच्या जागी राहते. नकार आला तर कारण लेखी मागा, आणि रिपोर्ट कुठल्या कंपनीचा पाहिला तेही विचारा. घाईच असेल तर अर्जासोबत एनओसी, उतारा आणि हरकतीची पोच जोडून फाइल माणसाकडून तपासून घेण्याची विनंती करता येते. मंजुरीची खात्री नाही, पण फाइल वाचली जाण्याची शक्यता वाढते.

एक काम आम्ही घेत नाही. नोंद जुनी आहे पण खरी आहे, उदाहरणार्थ तडजोडीने मिटवलेलं ‘सेटल्ड’ खातं किंवा संस्थेने बुडीत धरलेलं ‘रिटन ऑफ’ खातं, ती पुसून देण्याचं आश्वासन आम्ही देत नाही, आणि पैसे घेऊन जे देतात त्यांच्यापासून दूर राहायला सांगतो. खऱ्या नोंदीवर हरकत घेतली तर कर्जसंस्था ‘माहिती बरोबर आहे’ एवढंच कळवते आणि महिना वाया जातो. तिथे मार्ग वेगळा. सोडलेली रक्कम भरायची तयारी असेल तर संस्थेशी बोलून ती भरायची, खातं पूर्ण बंद झाल्याचं पत्र घ्यायचं आणि ती नवी स्थिती कळवायला लावायची. उशिराच्या महिन्यांची पट्टी त्यानंतरही दिसते, पण खात्याची स्थिती बदलते, आणि तपासणाऱ्याच्या दृष्टीने जुन्या आणि नव्या स्थितीत मोठा फरक आहे.

दुरुस्तीचं उत्तर आलं की चारही रिपोर्ट नव्याने काढून तारीख, बाकी आणि स्थिती हे तीन रकाने पुन्हा वाचायचे. वर्षाचा फुकट रिपोर्ट संपला असेल तर शुल्क भरून काढावा, तो खर्च वाचवू नये. कर्जसंस्था नवीन प्रणालीवर गेली किंवा जुनी फाइल पुन्हा चढवली गेली, तर दुरुस्त झालेलं खातं परत उघडं दिसू शकतं. त्यासाठी एनओसी, शून्य बाकीचा उतारा आणि दुरुस्तीचं उत्तर स्कॅन करून ठेवा, आणि दर वर्षी रिपोर्ट काढाल तेव्हा ते शेजारी घेऊन बसा.