"फाल्यां येतंय" : आमच्या आगोटीची गोष्ट

आगोट, म्हणजे पावसाआधीची घराची तयारी, दरवर्षीचीच, पण 2025 च्या मे महिन्यातली अजून डोक्यातून जात नाही.

देवगड तालुक्यातलं आमचं घर मंगलोरी कौलांचं, वर्षातले दहा महिने बंद. लाकडं पडवीत रचली, पन्हळीतला पाला काढला, झडीच्या बाजूला ताडपत्री मारली. दोन दिवसांत सगळं उरकलं. अडलं ते छपरावर.

माकडांनी चाळीसेक कौलं फोडली होती. फुटलेली काढायची, नवी घालायची, त्यात काय एवढं? दुकानातून 50 नवी कौलं टेम्पोत घालून आणली. शाकारणीवाल्या गड्याने एक उचललं, जुन्याला लावून पाहिलं आणि खाली ठेवलं. "ह्यां बसाचां नाय."

तेव्हा कळलं, एक कौल दुसऱ्यात अडकतं ती खाच प्रत्येक कारखान्याची थोडी वेगळी असते. जुन्या-नव्यात बोटभर फट राहत होती, आणि आमच्याकडचा पाऊस काही सरळ पडत नाही. जुन्या कौलाच्या पोटाला कारखान्याचा ठसा होता, पण कारखाना कधीच बंद पडलेला. दुकानदार कौलं परत घेईना. (खरेदीला जाताना जुनं कौल सोबत न्या. मी फोटोसुद्धा नेला नव्हता.)

पुढचे आठ दिवस मी स्कूटरवर पिशवीत एक कौल घेऊन वाड्या-वाड्या हिंडलो. माकडांना कंटाळून निम्म्या लोकांनी पत्रे घातलेत, म्हणजे उतरवलेली कौलं कुणाच्या तरी परसात असणारच. होतीही. कुठे ठसा वेगळा, कुठे फुलझाडांच्या आळ्याभोवती पुरलेली. लोकांच्या परसात कौलं उलटी करून बघणारा माणूस म्हणून कुत्रीसुद्धा मला ओळखायला लागली. गड्याला रोज फोन करायचो. हापूसची शेवटची तोड चालू, त्यामुळे त्याचं उत्तर ठरलेलं : "फाल्यां येतंय", म्हणजे उद्या येतो. माझी चिडचिड बायकोवर निघायची, हे कबूल करतो.

19 तारखेला पलीकडच्या वाडीतल्या एका काकींच्या गोठ्यामागे तोच ठसा सापडला. शेवाळ धरलेली, पण अखंड. पैसे द्यायला लागलो तर म्हणाल्या, "पैशे नको, माझी ताडपत्री बांदून दी." बांधली. अशी घट्ट बांधली, की स्वतःच्या घराची मागाहून सोडून पुन्हा बांधली.

20 तारखेला पाऊस सुरू. एरवी मृगाची वाट बघतो आपण! आणि नेमका त्याच सकाळी गडी न बोलावता हजर. ओल्या शेवाळावर चढायला त्याने साफ नकार दिला, ते बरोबरच होतं. दुपारची उघडीप मिळाली तेवढ्यात तो वर आणि मी खालून एकेक कौल देतोय, असं चार दिवस. (स्वतः चढू नका. तो सुद्धा कौलाच्या मधोमध नाही, खाली रीप, म्हणजे लाकडी पट्टी, असते तिथे पाय ठेवत होता.) काचेचं एक कौल मात्र तडकलंच. अशी दोन जादा कौलं घरात हवीत.

24 च्या रात्री समुद्रातून आलेल्या कमी दाबाने वारा असा सुटला, की मी बॅटरी घेऊन माजघरात बसून होतो. देवघराशेजारी एक थेंब, बाकी सगळं कोरडं. दुसऱ्या दिवशी हवामान खात्याने जाहीर केलं, मान्सून देवगडपर्यंत आला. आला म्हणे!

फुटकी कौलं दिवाळीलाच मोजून ठेवा, मे महिन्यात नाही.

ती नवी 50 कौलं अजून आमच्या परसात रचून आहेत. कुणाला हवी असतील तर न्या, फक्त आधी खाच बघा.