खेडहून हुसैनीवाला

फिरोजपूर छावणी, रविवार, रात्रीचे दहा

काल पहाटे पंजाब मेलमधून उतरलो. कल्याणला बसल्यापासून दोन रात्री गाडीतच. १९१२ साली सुरू झाली तेव्हा ही गाडी लाहोरवरून पार पेशावरला जायची म्हणे. आता फिरोजपूरला तिचा रस्ताच संपतो. कालचा दिवस झोपेत, पराठ्यांत आणि सारागढीच्या गुरुद्वारात गेला.

आज हुसैनीवाला, म्हणजे पाकिस्तानच्या सीमेवरचं भगतसिंग, राजगुरू आणि सुखदेव यांचं स्मारक. दहा-अकरा किलोमीटर, दोन्ही बाजूंना हिरवागार गहू आणि मध्येच पिवळी मोहरी. रिक्षावाले सरदारजी साठीच्या पुढचे. "कित्थों आया, पुत्तर?" म्हणून विचारलं. मी जरा छाती फुगवूनच सांगितलं, "राजगुरूंच्या गावचा. पुण्याजवळ." त्यांनी मान वळवून पाहिलं. तिघंही पंजाबीच, असं ते आजवर धरून चालले होते. मला राग आला. मग त्यांनी सहज विचारलं, "सुखदेव कुठले, माहीत आहे?" मला सांगता येईना. "लुधियाना," ते म्हणाले आणि समोर बघून रिक्षा हाकू लागले. पुढे सतलजचा बंधारा येईपर्यंत मी गप्प.

२३ मार्च १९३१ ला लाहोरच्या तुरुंगात फाशी दिल्यावर लोक जमतील या धास्तीने इंग्रजांनी रातोरात तिघांना सतलजच्या काठी आणून घाईघाईने जाळलं. राजगुरू अवघे बावीस वर्षांचे. हे शाळेत शिकलो होतो. फाळणीत ही जागा पाकिस्तानात गेली, हे मात्र कोणी सांगितलं नव्हतं. १९६१ मध्ये सुलेमानकी बंधाऱ्याजवळची बारा गावं देऊन भारताने ती परत घेतली. म्हणजे आमच्या भीमाकाठचा शिवराम तेरा-चौदा वर्षं परदेशात होता! पुढे १९७१ च्या लढाईत इथले पुतळे गेले, आणि १९७३ मध्ये स्मारक पुन्हा उभं राहिलं.

तिघांच्या समाधीपाशी हात जोडले, पण पाय रेंगाळले ते बटुकेश्वर दत्तांच्या समाधीपाशी. असेंब्लीत भगतसिंगांबरोबर बॉम्ब टाकणारे हे. यांना जन्मठेप झाली, अंदमान भोगलं आणि मग हे जगले. मित्र गेल्यावर चौतीस वर्षं! संसार, आजारपण, स्वतंत्र देशातली रोजची ओढाताण, सगळं वाट्याला आलं. १९६५ मध्ये दिल्लीत गेले, पण अंत्यसंस्कार मात्र इथेच, मित्रांजवळ व्हावेत अशी त्यांची इच्छा होती. फोटोंच्या रांगेत त्यांच्यापाशी कोणीच नव्हतं. शेजारीच भगतसिंगांच्या आई, विद्यावतींची समाधी.

संध्याकाळी तिथेच सीमेवर दोन्ही देशांच्या सैनिकांचा झेंडा उतरवण्याचा सोहळा पाहिला. बूट आपटणं, मिशा पिळणं, घोषणा. खरं सांगायचं तर थोड्या वेळाने मला हसूच यायला लागलं. जागा लहान, त्यामुळे पलीकडचे प्रेक्षक अगदी स्पष्ट दिसतात. पिवळ्या ओढणीतल्या एका बाईच्या मांडीवर पोर गाढ झोपलं होतं, एवढ्या गलक्यात! तिच्यामागे सरळ गेलं की पाकिस्तानातलं कसूर. आमच्या घरच्या डब्यातली कसुरी मेथी या गावाचं नाव लावते, हे तिथे बसल्यावर पहिल्यांदा डोक्यात आलं. सूफी कवी बुल्लेशाहची कबरही कसूरलाच. रस्ता समोर दिसतो, फक्त जाता येत नाही.

परतताना अंधार पडला होता. सरदारजींनी विचारलं, "मग तुमच्या गावाला राजगुरूंचं नाव दिलं की नाही?"

"दिलं ना. राजगुरूनगर."

"वा! आणि लोक काय म्हणतात?"

मी जरा थांबलो. "खेड."

ते इतके हसले की रिक्षा थोडी डावीकडे गेली.