१६५० ग्रॅमचं बाळ

२०१८ च्या डिसेंबरात एक आजी पाच महिन्यांच्या नातवाला घेऊन माझ्या ओपीडीत आल्या. सोबत मुलगा आणि सून. "म्याडम, लेकरू दिव्याकडं बघंना. आवाज दिला की वळतंय, पण नजर देईना." मी टॉर्च लावला. दोन्ही बाहुल्यांच्या मागे पांढरं दिसलं. तरी इनडायरेक्ट, म्हणजे डोळ्याचा मागचा भाग पाहायचं डोक्यावर लावायचं उपकरण, चढवून पाहिलं. डोळ्याच्या आतला पडदा, म्हणजे रेटिना, पूर्ण सुटून भिंगाच्या मागे गोळा झालेला. रेटिनोपथी ऑफ प्रीमॅच्युरिटी, म्हणजे अपुऱ्या दिवसांच्या बाळाच्या पडद्याचा आजार, आम्ही ज्याला आरओपी म्हणतो, त्याची पाचवी, शेवटची स्टेज. दोन्ही डोळ्यांत.

सुनेने पिशवीतून डिस्चार्ज कार्ड काढलं. ३२ आठवडे, वजन १६५० ग्रॅम, अठरा दिवस पेटीत, त्यातले अकरा दिवस ऑक्सिजनवर. कार्ड वाचता वाचता मला जुलैमधला एक फोन आठवला. गावातल्या एका बालरोगतज्ज्ञांनी विचारलं होतं, "मॅडम, सोळाशे पन्नासचं एक आहे, डोळे बघून घ्यायचे का?" मी ओटीच्या घाईत होते. म्हणाले, "पंधराशेच्या वर आहे ना, मग नको." एक मिनिटही बोलणं झालं नसेल.

मी ते त्या कुटुंबाला सांगितलं. पहिल्या महिन्यात पाहायला हवं होतं आणि पाहू नका असं मीच म्हणाले होते, हेही सांगितलं. बाळाचे वडील बराच वेळ कार्डाकडे बघत राहिले. मग म्हणाले, "आता कुठं न्यायचं ते सांगा." संभाजीनगरला पडद्याच्या सर्जनकडे पाठवलं. उजेड-अंधार कळण्यापलीकडे फार काही हाती लागणार नाही, असं तिथून कळलं.

१५०० हा आकडा मी एम.एस. करताना पाठ केलेला. पुस्तक अमेरिकेचं होतं आणि तिथे तो बरोबरच आहे: १५०० ग्रॅम किंवा कमी, ३० आठवडे किंवा त्याआधीचं बाळ. पण तिथे बाळाला मिळणारा ऑक्सिजन मोजून-मापून मिळतो. आपल्याकडे बऱ्याच ठिकाणी सिलिंडरमधून थेट शंभर टक्के ऑक्सिजन दिला जातो, अँब्युलन्समध्ये तर हमखास. जास्तीचा ऑक्सिजन कोवळ्या पडद्याला बाधतो, त्यामुळे आपल्याकडे सतराशे-अठराशे ग्रॅमच्या बाळांचेही डोळे जातात. केंद्र सरकारच्या २०१७ च्या मार्गदर्शक सूचनांत स्पष्ट लिहिलंय की २००० ग्रॅमच्या आतलं किंवा ३४ आठवड्यांच्या आत जन्मलेलं प्रत्येक बाळ तिसाव्या दिवसापर्यंत तपासायचं. बाळ २८ आठवड्यांच्या किंवा १२०० ग्रॅमच्या आतलं असेल तर दोन ते तीन आठवड्यांतच. ३४ ते ३६ आठवड्यांचं असलं आणि आजारी पडून गेलेलं असलं, तर तेही बघायचं. मला तो फोन आला तेव्हा या सूचना येऊन वर्ष उलटून गेलं होतं.

आणि माझे पॉइंट पूर्ण होते. महाराष्ट्र मेडिकल कौन्सिलचं रजिस्ट्रेशन दर पाच वर्षांनी नवं करायचं तर सीएमईचे, म्हणजे डॉक्टरांच्या पुढच्या शिक्षणाच्या व्याख्यानांचे, तीस क्रेडिट पॉइंट लागतात. माझ्याकडे त्याहून जास्त होते. परभणीतून नांदेड, संभाजीनगर, पुणे, जिथे सीएमई असेल तिथे मी जायचे. सही करायचे, पहिल्या रांगेत बसायचे, वहीत लिहून घ्यायचे. त्या सीएमईंनी मला पुष्कळ दिलंय, हे मी आजही म्हणते. मोतीबिंदूच्या ऑपरेशनच्या शेवटी डोळ्याच्या आत मॉक्सिफ्लॉक्सासिन हे अँटिबायोटिक सोडायला मी अशाच एका व्याख्यानानंतर लागले. अरविंद नेत्र रुग्णालयांच्या सहा लाखांहून अधिक ऑपरेशन्सचा अभ्यास २०१७ मध्ये आला होता. डोळ्यात पू होण्याचं प्रमाण दहा हजारांत सातावरून दोनावर आलं होतं. बुरशीच्या जखमांचंही तसंच. आमच्याकडे ज्वारीचं पातं किंवा सोयाबीनचं धसकट लागून बुबुळावर फूल पडलेले शेतकरी येतात. मी त्यांना महागडं व्होरिकोनॅझोल लिहून द्यायची. दक्षिण भारतात झालेल्या, २०१३ मध्ये प्रसिद्ध झालेल्या चाचणीत जुनं, स्वस्त नॅटामायसिनच सरस ठरल्याचं एका सत्रात ऐकलं आणि चिठ्ठी बदलली. किती जणांचे पैसे वाचले असतील आणि किती जणांची बुबुळं.

मग आरओपी का सुटलं? मी जुन्या वह्या काढून बसले. एका वार्षिक परिषदेत आरओपीचं सत्र होतं, दुपारी दोन वाजता, हॉल क्रमांक तीन. त्याच वेळी हॉल एकमध्ये कडक मोतीबिंदूच्या फेकोचा, म्हणजे ध्वनिलहरींनी मोतीबिंदू फोडून काढायच्या ऑपरेशनचा, व्हिडिओ होता. मी हॉल एकमध्ये होते. माझ्या दवाखान्यात रोज मोतीबिंदूच येतात, तेव्हा साहजिकच होतं. पडद्याचं ते पडद्यावाल्यांनी बघावं, असं मला वाटायचं. पण सबंध जिल्ह्यात पडद्याचे किती डॉक्टर आणि बालरोगतज्ज्ञांचा फोन लागतो कुणाला? मलाच.

जानेवारीत मी पुण्यातल्या एका मोठ्या नेत्र रुग्णालयात आरओपी स्क्रीनिंगच्या प्रशिक्षणासाठी अर्ज केला. दोन आठवडे दवाखाना बंद. घरून थोडी कुरकुर झाली, ऑपरेशनच्या तारखा पुढे ढकलाव्या लागल्या. वयाच्या पंचेचाळिशीत हॉस्टेलच्या खोलीत राहायला गेले. शिकवणारी मुलगी माझ्यापेक्षा पंधरा वर्षांनी लहान होती. पहिल्या दिवशी ती म्हणाली, "मॅडम, आज लेन्स हातात घ्यायची नाही. आज फक्त सिस्टरच्या बाजूला उभं राहायचं." मला तेव्हा ते खटकलं. आता वाटतं, तोच दिवस सगळ्यात जास्त शिकवून गेला.

कारण आरओपीची तपासणी डॉक्टर येण्याच्या तासभर आधीच सुरू होते. बाळाला दूध आधीच पाजून घ्यायचं. पोट अगदी भरलेलं असलं की तपासताना उलटी होऊन ठसका लागतो. बाहुली मोठी करायचे मोठ्यांचे थेंब निम्मे पातळ करायचे. दर दहा-पंधरा मिनिटांनी एक थेंब, दोन-तीनदा. आणि गालावर ओघळलेलं औषध लगेच कापसाने पुसायचं, कारण एवढ्याशा अंगात तेही भिनतं आणि बाळाचा श्वास अडू शकतो. मग बाळाला दुपट्यात घट्ट गुंडाळायचं, हात आत. पायाला पल्स ऑक्सिमीटर. तोंडात साखरेच्या पाण्यात बुडवलेला बोळा. सिस्टर एका हाताने डोकं धरणार आणि डोळा मात्र ऑक्सिमीटरवर ठेवणार. डोळा दाबला की कधी कधी हृदयाचे ठोके एकदम उतरतात, तेव्हा ती "थांबा" म्हणाली की डॉक्टरने जिथल्या तिथे थांबायचं. तिचा शब्द शेवटचा.

तिसऱ्या दिवशी लेन्स मिळाली. वीस वर्षं इनडायरेक्ट करते, पडदे पाहिलेत, पण अडीच महिने आधी आलेल्या बाळाचा डोळा वेगळाच. धुरकट दिसतो, कारण भिंगाभोवतालच्या तात्पुरत्या रक्तवाहिन्या अजून विरलेल्या नसतात. बाहुली पुरती उघडत नाही. कधी उघडतच नाही आणि तीही एक धोक्याची खूण असते. पापण्या उघड्या धरणारा चिमुकला स्पेक्युलम लावायचा, वायर व्हेक्टिस नावाच्या तारेच्या हत्याराने डोळा हळूच फिरवायचा, बाहेरून दाबून काठापर्यंत नजर न्यायची. प्रतिमा उलटी, बाळ रडतंय, सेकंद जातायत. पहिल्या बाळात मला फक्त लाल दिसलं. दुसऱ्यात रक्तवाहिन्या दिसल्या, पण त्या कुठे संपतात ते दिसलं नाही.

आणि सगळा प्रश्न त्या कुठे संपतात हाच असतो. पडद्याच्या रक्तवाहिन्या गर्भात सोळाव्या आठवड्याच्या सुमाराला डोळ्याच्या मागच्या नसेपासून निघतात आणि काठाकडे सरकत जातात. नाकाच्या बाजूला छत्तिसाव्या आठवड्याच्या आसपास पोचतात, कानाच्या बाजूला पूर्ण दिवस भरेपर्यंत. अपुऱ्या दिवसांच्या बाळात त्या अर्ध्या वाटेत असतात. त्यापुढचा पडदा राखाडी, कोरा. वाहिन्या शांतपणे पुढे गेल्या तर काहीच करायचं नाही. त्या जागीच अडून राहिल्या की आधी एक रेघ दिसते, मग तिचा वरंबा होतो, मग त्यावरून नको त्या दिशेला कोंब फुटतात. मागच्या भागातल्या वाहिन्या फुगून नागमोडी झाल्या की त्याला 'प्लस' म्हणतात. ते दिसलं की थांबायचं नाही.

पडद्याचे नसेभोवती गोलाकार झोन मानतात; झोन एक सगळ्यात आतला. चौथ्या दिवशी मी एका बाळाचं चित्र काढून दिलं: झोन दोन. शिकवणाऱ्या मुलीने पाहिलं, पुन्हा बाळाकडे गेली, परत आली. "झोन एक आहे." मी हट्टाला पेटले. मग तिने मला एक युक्ती दाखवली, जी मी अजून प्रत्येक बाळाला वापरते. २८ डायॉप्टरची लेन्स धरायची, नसेची नाकाकडची कड दिसण्याच्या गोलाच्या एका टोकाला आणायची. समोरच्या टोकाला जे दिसतं, तिथे झोन एक संपतो. वाहिन्या त्या गोलाच्या आत संपल्या असतील तर बाळ सगळ्यात धोक्याच्या गटातलं. मी पुन्हा लेन्स धरली. वाहिन्या आतच संपत होत्या. माझ्या चित्राप्रमाणे त्या बाळाला दोन आठवड्यांनी बोलावलं गेलं असतं. तिने चार दिवसांनी बोलावलं आणि पाचव्या दिवशी त्याला लेझर झालं.

दोन आठवड्यांनी प्रमाणपत्र मिळालं, पण ती म्हणाली, "पहिली पन्नास बाळं मला दाखवत जा." मोबाइलचा कॅमेरा आणि लेन्स वापरून व्हिडिओ कसा घ्यायचा ते तिने शिकवलं. त्या पन्नासांपैकी चार-पाच वेळा तरी तिने माझं निदान बदललं. रात्री साडेदहाला तिचं उत्तर यायचं, कधी नुसतं "बरोबर", कधी "उद्या परत बघा". परिषदेतल्या व्याख्यानानंतर आपण काय समजलो हे तपासणारं कुणी नसतं. इथे रोज होतं.

परभणीला परतल्यावर सगळ्यात आधी त्या बालरोगतज्ज्ञांकडे गेले. डिसेंबरपासून आम्ही दोघंही त्या बाळाबद्दल बोललो नव्हतो. त्या दिवशी बोललो. मग मी बाळांचे डोळे तपासायला त्यांच्याकडे दर मंगळवार मागितला. त्यांनी विचारलं, "प्रत्येक मंगळवारी येणार का मॅडम? एक मंगळवार चुकला तर चालणार नाही ना?" त्यांनी आपल्या बाजूने ऑक्सिजन ब्लेंडर, म्हणजे ऑक्सिजनमध्ये हवा मोजून मिसळणारं यंत्र, घेतला आणि ऑक्सिमीटरचे अलार्म लावले; रक्तातला ऑक्सिजन ९५ टक्क्यांच्या वर गेला की वाजतो. माझ्या मते आमच्या गावातले डोळे माझ्या लेन्सपेक्षा त्या अलार्मने जास्त वाचवले असतील. डिस्चार्ज कार्डावर एक चौकट छापून घेतली: 'डोळ्यांची तपासणी, तारीख'. ती रिकामी असेल तर सिस्टर कार्ड हातात देत नाही.

अवघड भाग वेगळाच निघाला. बाळ घरी गेलं की परत येत नाही. दिसायला डोळे चांगले असतात, बाळ वजन धरतंय, मग कशाला यायचं? बाळंतीण माहेरी जाते, तिथून सासरी. आता मी आईचा, मामाचा आणि आशाताईचा, असे तीन नंबर घेते. आधी आया स्पेक्युलम पाहून घाबरायच्या आणि पुढच्या वेळी यायच्याच नाहीत. आता आधीच सांगते की बाळ रडेल, डोळा लाल होईल, संध्याकाळपर्यंत निवळेल. सांगून ठेवलं की येतात.

पहिलं लेझरचं बाळ त्याच पावसाळ्यात सापडलं. २९ आठवडे, ११०० ग्रॅम, एकविसाव्या दिवशी पाहिलं तेव्हा शांत होतं, पुढे दोन तपासण्यांत वरंबा चढला आणि प्लस आलं. अशा बाळाला ४८ ते ७२ तासांत लेझर व्हावं लागतं. मंगळवारी दुपारी चिठ्ठी दिली, बुधवारी सकाळच्या गाडीने आई, मामा आणि ऑक्सिमीटर धरून बसलेली एक सिस्टर संभाजीनगरला गेले. गुरुवारी लेझर झालं.

शिकणं तिथे संपलं नाही. २०२१ मध्ये आरओपीच्या आंतरराष्ट्रीय वर्गीकरणाची तिसरी आवृत्ती आली. झपाट्याने वाढणाऱ्या प्रकाराच्या नावातला 'पोस्टिरियर' (मागचा) हा शब्द काढून टाकला, कारण आपल्यासारख्या देशांत तो मोठ्या वजनाच्या बाळांतही होतो आणि मागच्या भागाच्या बाहेरही दिसतो. ते वाचताना मला १६५० आठवले. लेझरऐवजी डोळ्यात इंजेक्शनंही आता सर्रास देतात. डोळा पटकन शांत होतो, पण आजार कित्येक आठवड्यांनी परत उलटू शकतो. म्हणून इंजेक्शन झालेलं बाळ मी लेझर झालेल्या बाळापेक्षा जास्त काळ तपासत राहते. आणि आता परिषदेचा कार्यक्रम हातात आला की आधी हॉल तीन बघते.

गेल्या मंगळवारी पाच बाळं होती. शेवटचं १७५० ग्रॅमचं, ३३ आठवड्यांचं. त्याची ही चौथी खेप. आई जिंतूरच्या पुढच्या एका वाडीवरून दोन एसट्या बदलून आली होती. नाकाकडून सुरू केलं, वर गेले, खाली आले, मग कानाकडे वळून दाबलं. वाहिन्या बारीक होत होत अगदी काठापर्यंत गेलेल्या. राखाडी कुठेच नाही. दुसऱ्या डोळ्यातही तसंच. रजिस्टरमध्ये दोन्ही गोलांत काठापर्यंत रेघा ओढल्या आणि शेजारी 'पूर्ण' लिहिलं.

"आता कवा यायचं?" आईने विचारलं.

"वर्षाचं झालं की. चष्म्याचा नंबर आणि तिरळेपणा बघू."

तिने कार्डावर तारीख लिहून घेतली, आणि ती बरोबर आहे ना म्हणून सिस्टरकडून पुन्हा एकदा वाचून घेतली.