आकडा कुठून आला?

2017 साली सिव्हिलची पदवी हातात पडली आणि सांगलीतल्या एका व्हॅल्युअरच्या, म्हणजे बँकेच्या कर्जासाठी घर-जमिनीची किंमत काढून देणाऱ्याच्या, ऑफिसात चिकटलो. काम सोपं होतं. बँकेकडून पत्ता यायचा. मी टेप आणि मोबाईल घेऊन जायचो, खोल्या मोजायचो, चार फोटो काढायचो. घरासमोर स्वतःचाही एक फोटो, कारण माणूस जागेवर गेला होता याचा पुरावा बँकेला लागतो. चतुःसीमा लिहायच्या, लाईट बिल बघायचं, चहा प्यायचा. ऑफिसात परत आलो की सरांचा पहिला प्रश्न ठरलेला: "पार्टीला कर्ज किती पाहिजे?" दर तिथून उलटा निघायचा. रिअलायझेबल व्हॅल्यू (विकल्यावर खरंच हाती येईल ती) म्हणजे त्याच्या नव्वद टक्के, डिस्ट्रेस व्हॅल्यू (घाईने विकावं लागलं तर मिळेल ती) म्हणजे ऐंशी टक्के. एक्सेलमध्ये सूत्र टाकून ठेवलेलं, आपण फक्त वरचा आकडा बदलायचा. जोत्याची उंची या रकान्यात मी पाच वर्षं 0.6 मीटर लिहिलं. टेप लावून कधी बघितली नाही.

ऑगस्ट 2019 मध्ये कृष्णा आली. आयर्विन पुलाजवळ धोक्याची पातळी 45 फूट आहे, पाणी 57 फुटांच्या वर गेलं. आमचं घर नदीजवळच्या गावभागात, म्हणजे पुढचं सांगायला नको. चिखल काढून झाल्यावर दोनेक महिन्यांनी पुराच्याच पट्ट्यातल्या एका घराचं काम आलं. मी मागच्या वर्षीचा शेजारचा रिपोर्ट उघडला, नाव बदललं आणि दर तोच ठेवला. रिपोर्टची प्रत न्यायला मालक स्वतः आले. आकडा वाचून हसले आणि म्हणाले, "साहेब, एवढ्याला घेणारं गिऱ्हाईक असलं तर पत्ता द्या. आजच साठेखत करतो."

ते वाक्य डोक्यातून जाईना. तरी शिकायला जायला 2022 उजाडलं. मध्ये कोरोना, मग 2021 चा दुसरा पूर, मग घरची समजूत. स्थावर मालमत्तेच्या मूल्यांकनाची दोन वर्षांची पदव्युत्तर पदवी गुजरातेत आणंदजवळ वल्लभ विद्यानगरला मिळते, एवढं ऐकून होतो. बाबांना वाटत होतं, नोकरी चालू आहे, दर लावता येतो, आता कसलं शिक्षण? वर्गात गेलो तर अर्धे लोक माझ्यासारखेच, कुठल्या ना कुठल्या ऑफिसात घासून आलेले. दोन तर चाळिशीपुढचे. भाषेची पहिली गंमत ही, की आपण ज्या सरकारी दरतक्त्याला रेडी रेकनर म्हणतो त्याला तिकडे जंत्री म्हणतात. आपल्याकडे जंत्री म्हटली की नुसती यादी. आणि आपल्या गुंठ्याला सवय झालेल्या माणसाला विघा भारी छळतो, कारण तो भागाभागात वेगवेगळा निघतो.

पहिल्याच महिन्यात सरांनी प्रत्येकाला स्वतःचा एक जुना रिपोर्ट आणायला सांगितला. माझा पडद्यावर लावला. सरांनी खालपासून सुरुवात केली. डिस्ट्रेस व्हॅल्यूवर बोट ठेवलं आणि शांतपणे विचारलं, "आ आंकडो क्यांथी लाव्या?"

मी म्हटलं, ऐंशी टक्के.

"त्र्याहत्तर का नाही?"

वर्ग हसला. मग हळूहळू हसणं थांबलं, कारण प्रत्येकाच्या पिशवीतल्या रिपोर्टात ऐंशीच टक्के होते. सर वर सरकत गेले. घसारा इतकाच का? इमारतीचं उरलेलं आयुष्य 40 वर्षं कुणी सांगितलं? दर चार हजार, मग तीन हजार नऊशे का नाही? तासभरात माझ्या रिपोर्टात फक्त पत्ता शिल्लक राहिला. त्या रात्री मेसची गोड डाळही गोड लागली नाही.

गणित मला जड गेलं नाही. इयर्स पर्चेस (किंमत वर्षाच्या उत्पन्नाच्या किती पट), सिंकिंग फंड (पुढच्या खर्चासाठी दरवर्षी बाजूला टाकायची रक्कम), पुढे मिळणाऱ्या रुपयाची आजची किंमत, हे सगळं कोष्टकांचं काम, हात बसला की बसतो. पण एक उदाहरण अजून आठवतं, कारण ते मीच वर्गात दिलं होतं. भाडेकरू असलेला जुना वाडा. चार बिऱ्हाडं, प्रत्येकी महिना दीडशे रुपये, वर्षाचे 7,200. कर, दुरुस्ती वजा जाता 4,800 धरू. आठ टक्क्यांनी भांडवली रूप दिलं की साडेबारा पट, म्हणजे 60,000 रुपये. पेठेतला अख्खा वाडा, किंमत एका मोटारसायकलएवढी! खालची जमीन मोकळी असती तर कोटीची. भिंती त्याच, माती तीच. मधला फरक महाराष्ट्राच्या 1999 च्या भाडे नियंत्रण कायद्याचा, जो वर्षाला चार टक्के भाडेवाढ देतो. दीडशेवर चार टक्के म्हणजे सहा रुपये. मालक वाडा का पडू देतो, हे मला समाजशास्त्राच्या कुठल्या लेखापेक्षा त्या साडेबारा पटीने जास्त नीट समजावलं.

कायद्याचा पेपर रुक्ष असेल असं धरून चाललो होतो आणि तिथेच सगळ्यात जास्त रमलो. 1939 चा प्रिव्ही कौन्सिलचा, म्हणजे इंग्रजी अमलातल्या लंडनच्या शेवटच्या अपील न्यायालयाचा, एक निकाल आहे, विशाखापट्टणम बंदराजवळच्या जमिनीचा. त्या जमिनीत चांगल्या पाण्याचा झरा होता, आणि त्या पाण्याला गिऱ्हाईक म्हणजे जमीन घेणारं बंदरच. सरकारी बाजू म्हणणार, दुसरा खरेदीदारच नाही, मग झऱ्याची किंमत कसली? कौन्सिलने सांगितलं, घेणारा एकटा असला तरी जमिनीच्या अंगचा गुण मोजावा लागतो. राजीखुशीने विकणारा राजीखुशीने घेणाऱ्याकडून काय अपेक्षा करेल, ते बघा. दुसरा निकाल आपल्या पुण्याच्या भूसंपादनाचा, चिमणलाल हरगोविंददास, सर्वोच्च न्यायालय, 1988. विक्रीच्या दाखल्यांची तुलना करताना काय अधिक धरायचं आणि काय उणे, याची त्यात चक्क यादी आहे. लहान तुकडा अधिक, मोठं क्षेत्र उणे. रस्त्याला तोंड अधिक, आत दडलेला प्लॉट उणे. आणि उण्यांच्या रांगेत एक ओळ: जमीन खालच्या पातळीवर, भराव घालावा लागेल अशी. ती वाचली आणि मी पुस्तक मिटून बाहेर आलो. पाच वर्षं रिकाम्या हाताने भरलेलं 0.6 मीटर डोळ्यांसमोर होतं.

प्रबंधाचा विषय तिथेच ठरला: पुराच्या पट्ट्यातल्या घरांचं मूल्य.

आखणी कागदावर सोपी होती. 2019 च्या आधीचे आणि नंतरचे विक्रीचे दस्त काढायचे, इंडेक्स टू (नोंदणी कार्यालयातला दस्ताचा गोषवारा) गोळा करायच्या, फरक बघायचा. तीन आठवडे घालवून 43 दस्त जमवले आणि आलेख काढला. फरक शून्य. पूर आलाच नाही म्हणा ना! कारण कळायला वेळ लागला नाही. मुद्रांक शुल्क दस्तातली रक्कम आणि रेडी रेकनरचं मूल्य यांतलं जे जास्त त्यावर भरावं लागतं. रक्कम फार खाली दाखवली तर तेव्हाच्या प्राप्तिकर कायद्याचं कलम 50सी उभं राहायचं, म्हणजे विकणाऱ्याचा नफा सरकारी मूल्यावरूनच धरला जायचा. आणि वरचे रोख पैसे दस्तात कशाला यायला बसलेत. त्यामुळे माझे बहुतेक दस्त रेडी रेकनरच्या आसपास घोटाळत होते. मी बाजार मोजत नव्हतो, सरकारी तक्ताच उलटा छापत होतो. विद्यानगरच्या सरांना फोन केला. ते एवढंच म्हणाले, "लोक जिथे खोटं बोलत नाहीत असा आकडा शोधा."

तो आकडा भाड्याचा निघाला. महिन्याचं भाडं कमी सांगून भाडेकरूला फायदा नाही, आणि शेजारच्याला ते माहीतच असतं. मग गल्लीगल्लीत फिरलो. 31 घरं झाली. या खेपेला टेप जोत्याला लावला, आणि पुराची रेषा शोधायला शिकलो. लोक ती लपवतात, पण वेगळ्या रीतीने. एका घरात हॉल नुकताच रंगवलेला होता, झकास पिस्ता रंग. मालक म्हणाले, पाणी आतच आलं नव्हतं. मी खिडकीजवळ उभा राहून भिंतीकडे तिरपं बघितलं. खालचे पाच फूट चकाकत होते, वर मॅट. ओलीचे डाग दिसू नयेत म्हणून खाली ऑइल पेंट मारला होता आणि वर साधा डिस्टेंपर. हात फिरवला तर खालची भिंत काचेसारखी थंड. टेप लावला, चार फूट अकरा इंच. मालक माझ्याकडे बघत होते, मी टेपकडे. मग तेच म्हणाले, "लिहा आता."

एकाच गल्लीत, रेडी रेकनरच्या एकाच दरात, दोन घरांच्या जोत्यांत साडेतीन फुटांचा फरक निघाला. माझ्या 31 घरांत तळमजल्याचं भाडं वरच्या मजल्यापेक्षा कमी झालेलं होतं. पूर्वी जिना नको म्हणून म्हातारी माणसं तळमजल्यालाच जादा द्यायची. त्या भाड्यांवरून मूल्यं काढली. प्रबंधात नावं न देता घरांना क्रमांक दिले.

2024 ला पदवी झाली. मग नोंदणीकृत व्हॅल्युअर होण्यासाठी पन्नास तासांचा कोर्स आणि संगणकावरची परीक्षा. त्याबद्दल फार लिहीत नाही. साठ टक्के लागतात, चुकलेल्या उत्तराला त्या प्रश्नाच्या गुणांचा पाव हिस्सा कापतात. पहिल्या खेपेला शहाणपणा करून सगळे प्रश्न सोडवले आणि थोडक्यात गेलो. दुसऱ्या खेपेला जे येत नव्हतं ते सोडलं आणि पास झालो.

प्रबंधाची बांधीव प्रत घरी टेबलावर होती. बाबांनी चष्मा लावून दोन दिवस वाचली. घर क्रमांक 17, जोतं दोन फूट, पायऱ्या चार, मागे चिंचेचं झाड. ओळखायला काय वेळ लागतो? जेवताना म्हणाले, "एवढंच लावलंयस आपल्या घराचं? रेडी रेकनरपेक्षा कमी?" मी भाड्याचा हिशोब सांगायला लागलो, त्यांनी ताक मागितलं.

दुसऱ्या दिवशी त्यांनी मला न सांगता ओळखीच्या एजंटला फोन लावला. घर विकायचं नव्हतं, पण तसं भासवून दर विचारला. संध्याकाळी पेपर वाचता वाचता म्हणाले, "तो तर तुझ्यापेक्षा दोन लाखांनी खाली आलाय. तुझाच बरा म्हणायचा."